पाकिटावरचं नाव

हर्नडन, व्हर्जिनिया
८ मार्च २०२५

ती. यशोधराताईस,
सा. न. वि. वि.

तुझं जानेवारीचं पत्र पोचलं. कानाचं यंत्र पुन्हा कपाटात गेलं हे वाचून नवल वाटलं नाही. ऐकू येत नाही म्हणून तू फोन घेत नाहीस, आणि यंत्र लावलं की लोक फार बोलतात म्हणून ते काढून ठेवतेस. पस्तीस वर्षं शाळेतल्या पोरांना गप्प बसवलंस, आता जगालाच गप्प बसवायचं ठरवलेलं दिसतं. त्या निमित्ताने आपली पत्रं चालू आहेत, म्हणून माझी तक्रार नाही.

बातमी मोठी आहे, चष्मा लावून वाच. तुझी लाडकी भाची, आमची संघमित्रा, अमेरिकेच्या महिला संघात निवडली गेली. खेळ तोच, रग्बी लीग. तेरा जणी एका बाजूला, तेरा दुसऱ्या. चेंडू छातीशी धरून सरळ समोरच्यांच्या अंगावर धावायचं आणि त्यांनी धरून पाडायचं. सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांना द्यायचा. अंगावर चिलखत वगैरे काही नाही. चार वर्षं ही पोरगी दर शनिवारी स्टेट कॉलेजहून चार तास बस करून फिलाडेल्फियाच्या क्लबात जाते. मधे खांदा निखळला तेव्हा सात महिने घरी बसली, तेव्हा मला वाटलं सुटलो. आठवडाभर लोकांच्या सांध्यांवर पीएचडी करते आणि शनिवारी स्वतःचे सांधे मोडून घेते. तिची आई, प्रणिता, तर मॅच बघतच नाही, निकाल लागला की खोलीतून बाहेर येते.

जूनमध्ये कॅनडाशी पहिला सामना आहे. संघमित्राच्या कोचची एक पद्धत आहे. आदल्या संध्याकाळी सगळ्या संघासमोर प्रत्येकीच्या घरच्या कुणीतरी तिला जर्सी द्यायची, आणि ही कुणाची पोर, कुठल्या घरातली, हे दोन मिनिटं सांगायचं. संघमित्राने माझं नाव दिलंय. मी ऑफिसात पन्नास माणसांपुढे बोलतो, पण यासाठी कागद पुढे घेतो आणि कोराच ठेवून उठतो. काय बोलू ते सांग. तू असतीस तर अर्धा तास बोलली असतीस.

प्रकृतीला जप. माया आहे तशीच राहू दे.
तुझा ज्ञानू

---

नागपूर
२ एप्रिल २०२५

चि. ज्ञानूस,
यशोधराचा जयभीम आणि तुम्हा तिघांना आशीर्वाद.

तू तिकडे गेल्यापासून पत्राच्या डोक्यावर सा. न. वि. वि. लिहितोस. आपल्या घरात असं कोण लिहायचं ते मला आठवत नाही. पण आज भांडत नाही, आज आनंद आहे. वस्तीत सगळ्यांना सांगून आले. समोरच्या अतुलने मोबाईलवर मला हा खेळ दाखवला. अरे, हा तर हुतूतू. दम धरायचा नाही एवढाच फरक.

काय बोलू म्हणून विचारतोस? तुला आठवत नाही का? अजनीच्या मैदानावर बाबूजी हुतूतू खेळायचे तेव्हा पलीकडच्या लायनीतली माणसंही बघायला यायची. त्यांच्या हातून सुटून गेलेला गडी मी पाहिला नाही. दिवसभर रुळावर राबून आलेला माणूस संध्याकाळी पुन्हा मातीत उतरायचा, आणि माय ओरडायची की ह्यांचं अंग अजून दुखत कसं नाही. पोरीचे खांदे कुठून आले ते सांगायला दोन मिनिटं पुरतील. शिवराम गजभिये, गँगमन, अजनी. एवढंच म्हण. बाकीचं आपोआप येईल.

सोबत एक वस्तू पाठवते आहे. रूळ उचलताना बाबूजी खांद्यावर ठेवायचे ती गादी. मायने जुन्या लुगड्याच्या घड्या घालून शिवलेली. पेटीत होती. जर्सीबरोबर ही संघमित्राच्या हातात दे आणि सगळ्यांना दाखव. तिलाही वेगळं कळवलं आहे, ती वाट बघत असेल.

पाकिटावर तू सांगितलंस तसं फक्त शिवराम असंच लिहिलं आहे, नाहीतर पोस्टात गोंधळ होतो म्हणतोस. सव्वीस वर्षांत तुमच्या पोस्टाला अजून आपलं आडनाव वाचता येत नाही, कमाल आहे.

पोरीला म्हणावं, धर आणि पाड. तुम्हा सर्वांवर जीव आहे, तो तिथूनही कळत असेल.
तुझी ताई

---

हर्नडन
२२ जून २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. ऑफिसात फार गडबड होती.

सामना झाला. आपण हरलो, पण थोडक्यात. संघमित्रा छान खेळली, सगळे तिचं कौतुक करत होते. जर्सीचा कार्यक्रमही व्यवस्थित पार पडला. मी थोडंसं बोललो. आमच्या मंडळाचे राजेश आणि सुलेखा मुद्दाम आले होते, बरोबर आणखी आठदहा मंडळी. राजेश म्हणजे माझ्या ऑफिसातला, कोथरूडचा, चौदा वर्षांची ओळख; सुलेखा त्याची बायको. त्याने व्हिडिओही केला. सुलेखाने सगळ्यांसाठी वडे आणले होते.

गादी मिळाली. जपून ठेवली आहे.

इकडे उन्हाळा कडक आहे. बाकी विशेष काही नाही. पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन.
ज्ञानू

---

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
६ जुलै २०२५

प्रिय आत्या,
जयभीम.

मी हे सगळं मराठीत हाताने लिहिते आहे, त्यामुळे स्लो आहे. तुझ्याकडे दोन समर राहिले तेव्हा तू रोज एक पान लिहून घ्यायचीस, ते आता कामाला येतंय. चुका लाल पेनने करेक्ट करू नकोस प्लीज.

मला तुला एक सांगायचंय आणि मला खूप लाज वाटते आहे.

मॅचच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या हॉलमध्ये आम्ही सगळ्या बसलो होतो. माझ्या आधी आमच्या कॅप्टनचे आजोबा उठले. ते टोंगाचे आहेत, पॅसिफिकमधल्या बेटांवरचे. त्यांनी सांगितलं की ते या देशात आले तेव्हा रात्री एअरपोर्टचे बाथरूम साफ करायचे, आणि दिवसा मुलांना रग्बी शिकवायचे. ते रडले, आम्ही पण रडलो. मग बाबा उठला. मला वाटलं आता तो आजोबांचं सांगेल, गादी दाखवेल. तू मला लिहिलं होतंस ना. मी त्याच्या हाताकडे बघत होते, पण हातात फक्त जर्सी होती.

बाबा म्हणाला की त्याचे वडील रेल्वेत इंजिनियर होते. म्हणाला की आमची फॅमिली पहिल्यापासून शिक्षणातली, आणि स्पोर्ट्समध्ये मीच पहिली. राजेशकाका तिसऱ्या रांगेत फोन धरून रेकॉर्ड करत होते. बाबा त्यांच्याकडे बघूनच बोलत होता.

आत्या, मला खरं माहीत होतं. तू मला अजनीचं ग्राउंड दाखवलं होतंस, आजोबांची हजेरीची वही दाखवली होतीस. मी उठून काहीतरी म्हणायला हवं होतं. मी काय केलं? मी जर्सी घेतली, बाबाला हग केलं, आणि राजेशकाकांच्या फोनकडे बघून स्माइल केलं. बाबा खोटं बोलला, पण मी पण त्याच्याबरोबर तिथे उभी होते.

दुसऱ्या दिवशी मी एकोणतीस टॅकल केले, म्हणजे एकोणतीस वेळा धरून पाडलं. एवढे मी कधीच केले नाहीत. लोक म्हणाले काय पॅशन आहे. ते पॅशन नव्हतं. नंतर माझे बूट ठेवायला गाडीची डिकी उघडली तेव्हा गादी दिसली, प्लास्टिकच्या पिशवीत, जम्पर केबलच्या खाली.

मी बाबाशी नीट बोलत नाहीये. तो फोनवर वेदर विचारतो, मी वेदर सांगते. ऑक्टोबरमध्ये पुन्हा मॅच आहे आणि पुन्हा जर्सी. मी कोचला सांगितलं की माझ्या घरून कोणी येणार नाही, मला कॅप्टनने जर्सी द्यावी. बाबाला हे अजून माहीत नाही. माझ्या जर्सीच्या पाठीवर शिवराम लिहिलंय. मला लहानपणी वाटायचं बाबाला आजोबा इतके आवडतात म्हणून त्याने त्यांचं नाव लावलं. आता ते नाव अंगावर घालताना मला कसंतरी होतं.

मी चुकते आहे का? तू टीचर आहेस, तू सांग.
तुझीच
संघमित्रा

---

नागपूर
२८ जुलै २०२५

ज्ञानू,

पोरीचं पत्र आलं. तिने मला काय लिहिलं ते तुला सांगायची गरज नाही, तू तिथे होतास.

चार दिवस मी तुला पत्र लिहून फाडते आहे. पहिल्यात मी तुला जे बोलले ते शाळेतल्या कुठल्या पोरालाही कधी बोलले नसेन. इंजिनियर म्हणालास त्याचा मला तेवढा राग नाही. डिकीचा आहे. त्या माणसाने तुझ्या फीसाठी सुट्टीच्या दिवशीही रूळ उचलले, आणि त्याची गादी तू जुन्या वायरींखाली कोंबलीस. कुणाला दिसू नये म्हणून कोंबलीस, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

एवढं लिहून मी थांबले होते, कारण पुढचं लिहायला मला धीर होत नव्हता. आता लिहिते.

अठ्ठ्याण्णव साली तुला पुण्यात खोली मिळाली होती. मालकिणीने पूर्ण नाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी भाचा येणार आहे म्हणून सामान काढायला लावलं. तू नागपूरला आलास आणि दोन दिवस जेवला नाहीस. तेव्हा नाव बदलायचा अर्ज कुणी आणला? मी. वस्तीतल्या सगळ्यांचे अर्ज मीच भरायची, अक्षर चांगलं म्हणून. तू नको नको म्हणत होतास. मीच म्हटलं की आडनाव गाळलं तर बिघडलं काय, बापाचंच तर नाव लावतो आहेस. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, उच्चाराच्या सोयीसाठी. माझ्या सुंदर अक्षरात. बाबूजी ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी फक्त विचारलं की सही कुठे करायची, कारण अर्जाला त्यांच्या संमतीचा कागदही मी जोडला होता. गजभिये अशी सही करून त्यांनी गजभिये काढायला संमती दिली. मग गादी काखेत मारून ड्यूटीवर गेले.

हे मी संघमित्राला कधी सांगितलं नाही. तिला मी अजनी दाखवलं, हजेरीची वही दाखवली, अभिमानाच्या मोठमोठ्या गोष्टी केल्या. तो अर्ज मात्र दाखवला नाही. त्याची नक्कल माझ्याच पेटीत आहे, गादीच्या खालीच होती. गादी काढून तुला पाठवली आणि तो कागद परत तिथेच ठेवला. म्हणजे लपवायची कला तू माझ्याकडूनच शिकलास.

आज तिलाही हे सगळं लिहिते आहे. आणि एक तुला सांगते. तिने कोचला कळवलंय की ऑक्टोबरात तिच्या घरून कुणी येणार नाही. तिची जर्सी दुसरं कुणीतरी देणार आहे. पोरगी तुझ्या हातून जाते आहे, ज्ञानू. आता अर्ज भरायला मी येणार नाही, तुझं तूच बघ.

मी तुझी ताईच आहे, रागातही.
यशोधरा

---

हर्नडन
१९ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम.

हे दोन शब्द सव्वीस वर्षांनी लिहिले, तरी हात अडखळला नाही याचं मलाच आश्चर्य वाटलं.

अर्जाचं तू स्वतःवर घेतलंस, पण ते मला मान्य नाही. अर्ज तू भरलास, खरं. पुढची सव्वीस वर्षं मी भरली. पोस्टातल्या गोंधळाचं मी तुला खोटं सांगितलं होतं. इमारतीत सगळ्यांच्या पत्रपेट्या एका ओळीत आहेत आणि शेजारी मराठी माणसं राहतात. तुझं पाकीट कुणाच्या हाती पडेल याची मला भीती होती.

तुझं पत्र आलं त्या रविवारी स्टेट कॉलेजला गेलो. संघमित्राच्या रूममेट्स घरी होत्या, म्हणून आम्ही बसस्टॉपवरच्या बाकावर बसलो. मी तिला सगळं सांगितलं, माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली की हे तिला आधीच माहीत आहे, तिला सांगून काय उपयोग, ज्यांना खोटं सांगितलं त्यांना खरं सांगायला हवं. आणि कोचला दिलेला निरोप ती बदलणार नाही. मी म्हटलं बदलू नकोस. परत येताना चार तास गाडी चालवली आणि रेडिओ लावायचंही सुचलं नाही.

सामना ११ तारखेला होता. मी कोचला ईमेल केलं की मला जर्सी द्यायची नाही, फक्त मागच्या वेळचं बोलणं दुरुस्त करायला दोन मिनिटं हवीत. आणि राजेशला मी स्वतः बोलावलं. प्रणिता म्हणाली, त्याला कशाला. पण तो नसता तर माझं बोलणं पुन्हा अर्धवटच झालं असतं. जूनमध्ये आम्ही एकाच गाडीने गेलो होतो. वाटेत तो ऑफिसातल्या एका नव्या मुलाबद्दल म्हणाला होता की हा कोट्यातला दिसतो, आणि मी हसलो होतो. ताई, त्याच्या बोलण्यापेक्षा माझं हसणं मला जास्त छळतं. हसून दोन तास झाले नव्हते, आणि मी संघासमोर उभा राहून बाबूजींना इंजिनियर केलं.

या वेळी मी उभा राहिलो आणि शिवराम गजभिये, गँगमन, अजनी, एवढं म्हणालो. तू म्हणाली होतीस की बाकीचं आपोआप येईल. नाही आलं. खिशातून लिहून आणलेला कागद काढला तर अक्षरं दिसेनात. मग मी गादी काढून खांद्यावर ठेवली आणि आठ माणसं एक रूळ कसा उचलतात, पहिला वाकतो तेव्हा शेवटचा काय करतो, ते हातवारे करून दाखवलं. एकाने अंग चोरलं की शेजारच्याचा खांदा जातो हे सांगितलं, तेव्हा पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. ते त्यांना सांगावं लागत नाही. शेवटी सांगितलं की आमचं आडनाव का नाही, आमची जात कोणती मानतात, आणि मागच्या वेळी मी खोटं का बोललो. गादी त्यांच्या हातांतून फिरली. त्या टोंगाच्या आजोबांनी ती नाकाशी नेली आणि मान हलवली.

संघमित्राला जर्सी कॅप्टननेच दिली. ठरलं होतं तसंच झालं, आणि ते मला माझ्या डोळ्यांनी बघावं लागलं. मग ती माझ्याजवळ आली, खांद्यावरची गादी उचलून घेतली आणि मराठीत म्हणाली की आता बस, बाबा, किती वेळ उभा राहशील. मिठी मारली नाही. गादी परत दिली नाही. दुसऱ्या दिवशी तिने ती रेफरीला दाखवली. त्याने बोटांनी दाबून पाहिली, आत टणक काही नाही ना बघितलं, आणि हो म्हणाला. ती जर्सीच्या आत घालून खेळली. प्रणिताने पहिल्यांदाच सगळा सामना पाहिला. आपण जिंकलो, पण ते नंतर आठवलं.

राजेश परतीच्या वाटेवर फक्त रस्त्याबद्दल बोलला. दारात सोडताना म्हणाला की त्याला माझ्याबद्दल असं कधी वाटलंच नव्हतं, हे त्याने चांगल्या अर्थाने म्हटलं. त्यानंतर ऑफिसात नमस्कार होतो. दर वर्षी दिवाळीआधी सुलेखाच्या चकल्यांचा डबा येतो. उद्या दिवाळी, अजून आलेला नाही. मी दाराकडे बघतो, ताई. एवढं सगळं करून अजून त्या डब्याची वाट बघतो, याची मला लाज वाटते, आणि ती कुणाला सांगता येत नाही म्हणून तुला सांगतो.

काल खाली जाऊन पत्रपेटीवरची पट्टी बदलली. इथून पुढे पाकिटावर पूर्ण नाव लिही. पोस्टात गोंधळ होणार नाही.

जेवढी रागावलीस तेवढाच जीवही लाव.
तुझा
ज्ञानदेव शिवराम गजभिये

---

नागपूर
१२ नोव्हेंबर २०२५

चि. ज्ञानूस,
जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. अतुललाही वाचून दाखवलं, गादीपर्यंत. पुढचं माझ्याकडेच ठेवलं.

चकल्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. आला डबा तर खा, नाही आला तर मी इथून करून पाठवते, माझ्या जरा जाड होतात. दाराकडे बघायची सवय एकदम जात नाही. तुला हसू नये म्हणून माझं सांगते. हे पत्र लिहायला बसण्याआधी पाकीट लिहायला घेतलं आणि हात आपोआप शिवरामवर थांबला. तिकीटही चिकटवलं होतं. तसंच पाठवावं असं क्षणभर वाटलं, कुठे नवीन पाकीट आणायला जायचं म्हणून. मग माझी मलाच शरम वाटली. ते पाकीट फाडलं, चौकातून दुसरं आणलं आणि बाबूजींच्या नावापुढे राहिलेलं नाव लिहिलं. अक्षर अजून बरं आहे.

संघमित्राचा निरोप आला आहे की गादीची शिवण एका बाजूने उसवली. तिला म्हणावं, स्वतः शिव, माझ्याकडे पाठवू नकोस.

मी बरी आहे. हे पाकीट पोचलं की कळव.
तुझी ताई
यशोधरा शिवराम गजभिये